विजयाताईंच्या वर्गातलं वाय-फाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या मंडळाच्या किल्ल्या वर्षानुवर्षं ज्यांच्या खिशात खुळखुळताहेत ते माननीय मधुकरराव देवधर, रविवारच्या मराठी वर्गाच्या शिक्षिका आदरणीय विजयाताई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती सौ. वैदेहीताई सबनीस, बदलीचं सामान बांधून दमलेले त्यांचे यजमान श्रीकांतराव, न्यू टाउनहून बागबाजारपर्यंत रविवार मोडून आलेली कुटुंबं, आणि मागच्या खोलीतून कटलेटचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या सहनशील बंधुभगिनींनो,

आधी एक छोटा हिशोब मांडतो. धंद्याचा माणूस आहे, सवय जात नाही. आपल्या वर्गखोलीतले आठ लॅपटॉप आपल्याला फुकट मिळाले. त्यांच्यात घातलेली लिनक्स नावाची प्रणाली, तीही फुकट. आता हे फुकट आपल्याला कितीला पडलं, ते ऐका. मधुकररावांचा उजवा घोटा. कार्यकारिणीतली एक जुनी मैत्री, जी पुढे चहावर परत जुळली. विजयाताईंची झोप. आणि वैदेहीताईंचा एक अख्खा हिवाळा. कोलकात्यात हिवाळा म्हणजे काय चीज असते, हे इथे नव्याने आलेल्यांना मे महिन्यात कळेल. नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचे, संदेश मिठाईवाल्यांकडे येतात, लोक गंगेच्या काठी उन्हात बसतात, आणि संदेश संपेपर्यंत हिवाळाही संपतो. तेवढ्यातले सगळे शनिवार या बाईंनी आपल्या वर्गखोलीत, स्वेटर घालून, एका न जोडल्या जाणाऱ्या वाय-फायसमोर बसून घालवले.

या हिशोबात रुपये आले नाहीत, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. रुपये असते तर मंडळाने एक ठराव करून देऊन टाकले असते. हे देणं तसं फिटणारं नाही, म्हणून मला भाषण करावं लागतंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी रमेश माने, खानापूर तालुक्यातला. बहुबाजारात आमचं सोनं गाळायचं काम आहे. शाळा अर्ध्यात सोडून मामाच्या भट्टीवर आलो, बंगाली तिथेच ऐकून शिकलो. गाळणाऱ्याला डोळ्यांइतकेच कान लागतात. मुशीतला आवाज बदलला की उठावं लागतं. त्या सवयीमुळे मला नको तेही ऐकू येतं, अशी आमच्या घरातली तक्रार आहे. पण आजची गोष्ट मी तुम्हाला सांगू शकतोय ती या कानांमुळेच.

गेल्या वर्षी दुर्गापूजेनंतर कार्यकारिणीची बैठक झाली. विषय होता वर्गखोलीचा. तुम्हाला ठाऊक आहे, आपली अर्धी कुटुंबं आता न्यू टाउनला राहतात. नोकऱ्या तिकडे, शाळा तिकडे. रविवारी सकाळी मुलांना घेऊन इथवर यायचं म्हणजे आईबापांचा सुट्टीचा दिवस रस्त्यात जातो. त्यामुळे विजयाताईंचा वर्ग आटत आटत एका बाकावर मावेल इतका झाला होता. आणि खालच्या मजल्यावरच्या साडीच्या व्यापाऱ्याला गोदामाला जागा हवी होती. मंडळाला भाडं हवं होतं. कुणाचीच बाजू खोटी नव्हती. ठराव झाला की गुढीपाडव्यापर्यंत वर्ग पुन्हा भरला तर ठीक, नाहीतर खोली भाड्याने द्यायची.

विजयाताई त्या बैठकीत "कार्यकारिणीला योग्य वाटेल ते," एवढंच म्हणाल्या. मी मागून जिना उतरत होतो. खाली दाराशी आपले निताईदा झाडू घेऊन उभे होते. त्यांना त्या हळूच म्हणाल्या, "ब्लॅकबोर्डटा नामिये रेखो, आमि बाडि निये जाबो." फळा उतरवून ठेव, मी घरी घेऊन जाईन. यजमान गेल्यापासून या बाईंचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि रविवारीच संपतो, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकट्या घरात तो फळा त्या कुठे टांगणार होत्या आणि त्यावर कुणासाठी लिहिणार होत्या?

मी ते ऐकलं आणि जे कुणीही केलं असतं ते केलं. ज्याच्याकडे उपाय असेल त्याला फोन केला. वैदेहीताई केंद्र सरकारच्या खात्यात अधिकारी, राहायला न्यू टाउनला, आणि संगणकाचं वेड कॉलेजपासूनचं. त्या म्हणाल्या, "मुलं इथे येत नसतील तर वर्ग तिकडे न्यायचा, रमेशराव. बागबाजारचं एक मूल आणि न्यू टाउनचं एक मूल, अशी जोडी लावायची. समोरासमोर पडद्यावर बोलू दे त्यांना."

विजयाताईंना ही कल्पना लगेच पटली, कारण त्यांचं शिक्षणशास्त्र अगदी सोपं आहे. त्या म्हणतात, भाषा धड्यांनी येत नाही, भांडणांनी येते. मुलांना एकमेकांशी मराठीत भांडता आलं की माझं काम झालं. फक्त एक अट त्यांनी घातली. मोबाइल चालणार नाही. मोबाइल हातात आला की मूल मराठीतून कुठल्या कुठे घसरतं, म्हणून तो दाराशी बिस्किटाच्या डब्यात जमा. मोठा पडदा हवा, टेबलावर ठेवलेला, मागून ताईंना दिसणारा.

आता लॅपटॉप आणायचे कुठून? आपला क्षितिज ज्या कंपनीत आहे तिथे जुने लॅपटॉप काढून टाकत होते. त्यांच्या हार्ड डिस्क पुसलेल्या होत्या, म्हणजे आत काहीही नाही, नुसतं घर, माणूस नाही. वैदेहीताईंनी त्यात लिनक्स घातलं. मी विचारलं, "हे लिनक्स कुणाचं?"

"कुणाचंच नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. बरेचसे तर पगाराशिवाय."

"मग बिघडलं तर भांडायचं कुणाशी?"

"कुणाशीच नाही. विचारायचं. कुणीतरी सांगतं."

मला हे काही झेपलं नाही. बाजारात माझी सगळी हयात गेली, पण पैसे न घेता सांगणारा माणूस मी मंडळाबाहेर फारसा पाहिलेला नव्हता.

लॅपटॉप सुरू झाले. पडदा उजळला, मराठी अक्षरं उमटली, गाणी वाजली. वाय-फाय मात्र शून्य. जवळच्या बँकेचं नाही, शेजारच्या घराचं नाही, आपलं तर नाहीच. वैदेहीताईंनी मला समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. वाय-फायच्या चिपला जागं करायला तिच्या कंपनीचा एक छोटासा प्रोग्राम लागतो. तो काही कंपन्या मोकळेपणाने देत नाहीत, म्हणून तो लिनक्सबरोबर आपोआप येत नाही. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. आणि इंटरनेट मिळण्यासाठी तोच लागतो. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप.

तुम्ही म्हणाल, तार लावायची. लावली. घरमालकांचा ट्रस्ट या जुन्या भिंतींना खिळासुद्धा मारू देत नाही, म्हणून तार कार्यालयातून जमिनीवरून, व्हरांड्यातून, दाराखालून नेली. तीवरून मधुकरराव पडले. घोट्याला प्लास्टर घालून ते पुढच्या बैठकीला आले आणि तारबंदीचा ठराव बसल्या बसल्या मांडला. एकमताने मंजूर. त्या जखमी पायाच्या विरोधात मत देण्याची कुणाची छाती होती?

मग वैदेहीताईंनी आपला मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलचंच इंटरनेट लॅपटॉपला पाजलं. तो प्रोग्राम उतरला, चिप जागी झाली. एक एक करत पाच लॅपटॉप बोलू लागले. उरलेले तीन वेगळ्या बनावटीचे होते. त्यांच्यातल्या चिपा इतक्या म्हाताऱ्या, की त्या नाहीतच असं धरून चालावं लागलं. त्यांना बाहेरून बोटभर काड्या लावायच्या ठरल्या, यूएसबीच्या. वैदेहीताईंनी मॉडेलचं नाव दिलं आणि मंडळाची खरेदी समिती आपल्या इथल्या चांदनी चौकात, संगणकांच्या बाजारात गेली. खरेदी समिती म्हणजे मी आणि मधुकरराव, ते टॅक्सीत बसलेले.

दुकानदार म्हणाला, "एकई जिनिश, दादा. नामटा पोडे निन." तीच वस्तू आहे, नाव वाचून घ्या. आम्ही नाव वाचलं. बरोबर होतं. घेऊन आलो. लावल्यावर लॅपटॉप म्हणाला, ही सीडी आहे. मंडळी, वाय-फायची काडी लावली आणि यंत्राला ती सीडी दिसली. आत आधी विंडोजसाठीचा प्रोग्राम भरलेला, आणि त्यामागे जी चिप होती ती भलत्याच कंपनीची. मॉडेलचं नाव तेच, आवृत्ती वेगळी, आणि आवृत्तीचा आकडा खोक्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढा.

वैदेहीताई रागावल्या नाहीत. त्यांनी एक ओळ टाइप केली आणि पडद्यावर चिपची खरी ओळख उमटली. म्हणाल्या, "रमेशराव, तुम्ही नुसता ठसा बघून सोनं घेता का?"

"छे. वितळवून बघतो."

"मग इथे खोक्यावरचं नाव बघून कसं घेतलंत?"

पुढच्या वेळी मी लॅपटॉप काखेत मारून चांदनीत गेलो. प्रत्येक दुकानात काडी लावायची, ती ओळ टाइप करायची, आतला माणूस कोण ते बघायचं. पाचव्या की सहाव्या काडीला दुकानदार वैतागून म्हणाला, "मेयेर बिये दिच्छेन ना कि, दादा? एतो देखछेन?" मुलगी देताय की काय, इतकं बघताय? मी म्हटलं, तीन मुली आहेत, आणि तिघींना एकाच घरात द्यायचं आहे. तेव्हा त्याने आतून दुसरं खोकं काढलं, मला स्टूल दिलं आणि चहाही मागवला. योग्य चिप त्या खोक्यात निघाली. त्या भल्या माणसाचेही आज आभार.

पाडव्याच्या आदल्या शनिवारी आठही लॅपटॉप चालले. विजयाताईंनी न्यू टाउनच्या घरांना निरोप पाठवले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ठरावाप्रमाणे अध्यक्ष पाहणीला येणार होते. शनिवारी संध्याकाळी वैदेहीताई घरी गेल्या आणि आपण आपलं मंडळाचं काम केलं.

मंडळाचं काम कोणतं ते तुम्ही वर बघितलंत तरी कळेल. पंख्याच्या पात्यावर नाव आहे. खुर्च्यांच्या पाठीवर आहे. पातेल्यांवर, समयांवर, पाण्याच्या पिंपावर आहे. या वास्तूत आलेली कोणतीही भेटवस्तू "सप्रेम भेट" आणि देणाऱ्याचं नाव लागल्याशिवाय वापरात येत नाही. ही आपली रीत आहे आणि चांगली रीत आहे. त्या शनिवारी क्षितिजच्या कार्यालयाच्या नावाच्या चिठ्ठ्या तयारच होत्या. झाकणावर लावावं तर तिथे कंपनीचं चिन्ह. म्हणून लॅपटॉप मिटून एकावर एक रचले तरी नाव दिसावं अशा बेताने पुढच्या कडेला लावल्या, आणि सुटू नयेत म्हणून अंगठ्याने दाबून दाबून घासल्या.

रविवारी सकाळी ते पाच लॅपटॉप बंद. म्हणजे पडदा चालू, वाय-फाय गायब. तीन काड्या तेवढ्या चालत होत्या. इकडे पाच मुलं काळ्या चौकटीसमोर बसलेली, तिकडे न्यू टाउनला पाच घरी मुलं आंघोळ करून वाट बघत बसलेली. अध्यक्ष आले. वैदेहीताईंचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा नंतर कधी पाहिला नाही. त्यांनी कालचे सगळे बदल उलटे फिरवून पाहिले, प्रोग्राम काढून परत घातला. लॅपटॉप एकच उत्तर देत होता, की वाय-फाय हाताने बंद केलेलं आहे. "मी हात लावलेला नाही," त्या म्हणत होत्या. "कुणी हाताने बंद केलं?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीच काही केलेलं नव्हतं.

विजयाताई उठल्या. फळा पुसायला लागल्या. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं, तरी पुसत होत्या.

मधुकरराव शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना वाईट वाटत होतं. अशा वेळी माणूस हाताला चाळा शोधतो. समोरच्या लॅपटॉपच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने नीट दाबून बसवला. आणि मला टक् असा आवाज आला.

बारीक आवाज. कागदाखालून. कागद असा वाजत नाही. मी म्हटलं, "मधुकरराव, परत दाबा." त्यांनी दाबलं. परत टक्. आणि वैदेहीताई म्हणाल्या, "वाय-फायचा दिवा लागला होता. आत्ता लागला होता आणि विझला."

चिठ्ठी सोलून काढली. खाली एक सरकतं बटण. वाय-फाय चालू-बंद करायचं. पाचही लॅपटॉपना त्याच कडेला, आणि पाचही बटणं आपण सप्रेम भेट देऊन बंद करून टाकली होती.

बटणं सरकवली आणि खोलीत एकदम आवाज आला. न्यू टाउनच्या कादंबरी नावाच्या मुलीचा. पडद्यावर तिला तिच्या जोडीचा इकडचा अनीश दिसला आणि या पाच लॅपटॉपच्या बिनतारी इतिहासातलं पहिलं वाक्य ती बोलली. "अनीश, तुझ्या दातांना काहीतरी लागलंय."

अनीश म्हणाला, "तुझ्याच दातांना लागलंय."

"आरशात बघ ना."

"तूच बघ. तुझं नाक केवढं मोठं दिसतंय."

विजयाताईंनी हातातलं पुसणं खाली ठेवलं. म्हणाल्या, "भांडायला लागली. आता शिकतील." अध्यक्षांनी त्याच जागी तोंडी सांगितलं की खोली भाड्याने जाणार नाही. ठराव नंतर झाला. फळा आहे तिथेच आहे, आणि त्यावरही "सप्रेम भेट" लिहिलेलं आहे, ते कुणी काढू नये.

आणखी एक सांगायचं राहिलं. वैदेहीताई ज्या संकेतस्थळावर त्या हिवाळ्यात प्रश्न विचारत होत्या, तिथे त्यांनी आपला शोध लिहून टाकला. वाय-फाय अचानक बंद पडलं तर आपल्या संस्थेने बटणावर देणगीची चिठ्ठी चिकटवलेली नाही ना, हे आधी पाहावं. खाली कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने विचारलं, देणगीची चिठ्ठी म्हणजे काय? वैदेहीताईंनी त्याला आपल्या पंख्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, सुंदर पद्धत आहे. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही, टोपणनाव वाचता येत नाही, पण त्यानेच पहिल्या आठवड्यात वैदेहीताईंना कोणता प्रोग्राम कुठून उतरवायचा ते सांगितलं होतं. पैसे न घेता सांगणारी माणसं मंडळाबाहेरही आहेत, हे मला या वयात कळलं. ज्यांनी हे सगळं लिहून जगासाठी उघडं ठेवलं, त्या न पाहिलेल्या मंडळींना या सभागृहाच्या वतीने मी नमस्कार करतो.

वैदेहीताई, तुम्ही नागपूरला चाललात. बदलीच्या माणसांना निरोप देणं हे या मंडळाला नवीन नाही. आपल्याकडे दर वर्षी एखादं कुटुंब येतं, पोळ्यांना पीठ कुठलं घ्यायचं ते शिकतं, आणि शिकेपर्यंत बदली होते. पण तुमची बदली कळली तेव्हा विजयाताईंनी मला विचारलं, "आता हे कोण बघणार हो?" मी कार्यकारिणीत उभा राहिलो आणि म्हणालो, मी बघणार. आज सर्वांसमोर तेच सांगतो. चिप कशी ओळखायची ते मला येतं. प्रोग्राम कुठून उतरवायचा ते येतं. बटण कुठे असतं ते तर माझ्या कानांनीच शोधलंय. त्या यंत्रांत मला न कळण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. तुम्ही निश्चिंत मनाने जा.

मंडळाने मला ही संधी दिली, अध्यक्षांनी त्यांच्या घोट्याचा उल्लेख दोनदा सहन केला, निताईदांनी खुर्च्या लावल्या, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून ऋणी आहे. व्याख्यानाचा सराव नाही. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर घरचा माणूस बोलला असं समजून सोडून द्यावं.

शाल-श्रीफळाचा कार्यक्रम मात्र थोडा थांबवावा लागेल. सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी दिसतेय, पण काळजी नको, त्या वर्गात आहेत. मी आता निश्चिंत मनाने जा म्हटलं, तेव्हाच विजयाताई त्यांच्या कानाशी वाकल्या होत्या. हळूच बोलल्या, पण मला ऐकू आलं. "वैदेही, जायच्या आधी चार नंबरचा लॅपटॉप बघून जा गं. काल अपडेट झाल्यापासून नेटवर्क दाखवत नाही. रमेशराव सकाळपासून बसले होते, त्यांना नाही जमलं."

नाही जमलं.